‘चांदीचे नाणे’ म्हणजे नेमके कशाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संग्राहकांसाठी विकायला येणाऱ्या नाण्यांच्या जाहिरातींत ‘सिल्व्हर’, ‘सिल्व्हर फिनिश’ आणि ‘अँटिक सिल्व्हर’ हे शब्द एकाच अर्थाचे असल्यासारखे छापले जातात. पहिले धातूचे नाव आहे, दुसऱ्याचा अर्थ मुलामा आणि तिसऱ्याचा अर्थ नुसता काळपट रंग. हा घोळ सर्वांत जास्त होतो तो प्रतिकृती आणि काल्पनिक नाण्यांच्या बाबतीत, म्हणून हे पत्र.

प्रतिकृती म्हणजे कधीकाळी पाडल्या गेलेल्या नाण्याची नक्कल. काल्पनिक नाणे म्हणजे त्या रूपात, त्या सालाचे कोणत्याच टांकसाळीने काढलेले नाही असे नाणे. १८१८ साल आणि रामदरबाराचे चित्र असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा ‘एक आणा’ हे त्याचे नेहमी भेटणारे उदाहरण. असे नाणे कंपनीने कधी चलनात आणलेच नव्हते. ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली, त्याचे क्राऊन हे मोठे नाणे मोजक्या नमुन्यांपलीकडे गेले नाही, तरी खासगीरीत्या पाडलेली त्याची क्राऊन नाणी वेगवेगळ्या धातूंत फिरत असतात. अशा नाण्याबद्दल ‘खरे की खोटे’ हा प्रश्न आधीच सुटलेला असतो. ‘कशाचे?’ हा प्रश्न मात्र उरतो. खऱ्या नाण्याचे वजन, व्यास आणि कस सूचीत सापडतो, त्याच्याशी ताडून पाहता येते. काल्पनिक नाण्याला ताडून पाहायला मूळच नसते. त्याचा धातू शून्यापासून शोधावा लागतो.

दोन गृहीतके आधी बाजूला ठेवावीत. नक्कल आहे म्हणजे धातू हलकाच असणार, हे पहिले. ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीचा १७८० सालचा थेलर, म्हणजे चांदीचे मोठे नाणे, त्याच सालाच्या ठशाने पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाडला गेला. त्याचे वजन २८.०७ ग्रॅम आणि चांदी ८३.३ टक्के. म्हणजे साल खोटे, चांदी खरी. काही काल्पनिक नाणी तर खऱ्या जुन्या चांदीच्या नाण्यावरच नवा ठसा मारून केलेली असतात. तिथे खालच्या नाण्याचे वजन आणि कस जसाच्या तसा राहतो. जुन्या अमेरिकी चांदीच्या डॉलरवर पाडलेले असेल तर काटा २६.७ ग्रॅमच्या आसपास थांबतो. दुसरे गृहीतक असे की, नाण्यावर ‘कॉपी’ असे कोरले आहे म्हणजे ते शिशाचे किंवा जस्ताचे. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नाण्यांच्या नकलांवर हा शब्द सक्तीचा केला, पण तो शब्द नाण्याच्या खरेपणाविषयी बोलतो, धातूविषयी नाही. ९९९ कसाच्या, म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी असलेल्या नाण्यावरही तो असू शकतो.

नाण्यावरची बाकीची अक्षरे मात्र नीट वाचावीत. ‘९९९’ किंवा ‘फाइन सिल्व्हर’ यासोबत वजनही कोरलेले असेल तर दावा तपासता येतो. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, २८.३५ ग्रॅमचा साधा औंस नव्हे. ‘१०० मिल्स .९९९ सिल्व्हर’ यात ‘मिल्स’ हे थराच्या जाडीचे शब्द आहेत, वजनाचे नाहीत; ९९९ हा आकडा फक्त वरच्या थराचा. ‘एचजीई’ म्हणजे जाड सोन्याचा विद्युत मुलामा, ‘जीपी’ म्हणजे सोन्याचा मुलामा, ‘लेयर्ड’ आणि ‘क्लॅड’ म्हणजे वर एक आणि आत दुसरे. जर्मन सिल्व्हर, निकेल सिल्व्हर आणि अल्पाका या तिन्ही नावांखाली तांबे, निकेल आणि जस्त यांचाच मिश्रधातू असतो. त्यात चांदी नसते.

मुलाम्यात प्रत्यक्ष किती चांदी बसते, याचा हिशोब एकदा मांडून पाहावा. ३९ मिमी व्यास आणि ३ मिमी जाडीच्या नाण्याचा सगळा पृष्ठभाग, कडेसकट, सुमारे २,७५० चौरस मिमी भरतो. त्यावर ५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर दिला तर चांदी होते सुमारे ०.१४ ग्रॅम. आणि ५ मायक्रॉन हा शोभेच्या वस्तूसाठी सढळ हाताने दिलेला मुलामा आहे. बाकीचे वजन आतल्या पितळेचे किंवा तांब्याचे.

तपासणीची सुरुवात काटा आणि कॅलिपर (व्यास-जाडी मोजायचे साधन) यांनी करावी. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा हवा, कॅलिपर ०.०१ मिमीचा असला तर उत्तम. ९९९ चांदीच्या ३१.१ ग्रॅम नाण्याचे आकारमान २.९७ घन सेंमी असते. तेवढ्याच आकारमानाचे पितळेचे नाणे २५ ग्रॅमच्या आसपास भरते आणि तांब्याचे साडेसव्वीस. म्हणून नक्कल करणाऱ्याला दोनच वाटा उरतात: व्यास बरोबर ठेवून वजन कमी सोडायचे, नाहीतर वजन जुळवण्यासाठी नाणे जाड करायचे. जाडीकडे लक्ष जात नाही म्हणून दुसरी वाट जास्त वापरली जाते. जाडी कडेवर मोजावी, कारण उठावाच्या चित्रावर कॅलिपर टेकवला तर आकडा फसवा येतो. सोन्याच्या सॉव्हरिनच्या नकलेत तर एवढ्यावरच निकाल लागतो. सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅम आणि २२.०५ मिमी, त्याच मापाचे पितळी नाणे ४ ग्रॅमही भरत नाही.

वजन-माप संशयास्पद असो वा जुळणारे, पुढची पायरी घनतेची. घरी करता येण्याजोगी, नाण्याला इजा न करणारी आणि आकड्यात उत्तर देणारी हीच एक चाचणी आहे, आणि ती घाईने केल्यामुळेच बहुतेक चुकते. नाणे कोरडे असताना त्याचे वजन घ्यावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाण्याला बारीक नायलॉनच्या धाग्याचा फास घालून ते पाण्यात पूर्ण बुडेल असे लोंबते धरावे. धागा हातात न धरता पेल्यावरून आडव्या ठेवलेल्या, काट्याला न टेकणाऱ्या दांडीला बांधावा. हात हलला की आकडाही हलतो. आता काटा जे दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) मिळते.

व्हिक्टोरियाच्या एक रुपयाचे माप घेऊ: ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. या कसाची घनता १०.३४ च्या आसपास बसते, म्हणून पाण्यातला आकडा १.१३ यायला हवा. त्याच वजनाची प्रतिकृती तांबे-निकेलची असेल तर आकडा १.३१ येतो, पितळेची असेल तर १.३७. फरक एवढा ढळढळीत आहे की ०.०१ चा काटा पुरतो. ०.१ ग्रॅमचा काटा मात्र इथे काही कामाचा नाही, १.१ आणि १.२ या दोन आकड्यांमध्ये घनता १०.६ वरून ९.७ वर घसरते. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, निकेलची ८.९०, तांबे-निकेलची ८.९, जर्मन सिल्व्हरची साधारण ८.५ ते ८.७, पितळेची ८.४ ते ८.७, लोखंडाची ७.८७, कथिलाची ७.३, जस्ताची ७.१४, ॲल्युमिनियमची २.७०, शिशाची ११.३४ आणि सोन्याची १९.३. निम्मी चांदी आणि निम्मे तांबे असेल तर ९.६६ येते. हा आकडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण १९२० मध्ये ब्रिटनने आपल्या चांदीच्या नाण्यांचा कस ९२५ वरून ५०० वर आणला आणि त्या काळच्या नाण्यांच्या नकलांत दोन्ही कस भेटतात.

चुका कुठे होतात? सर्वांत मोठी चूक बुडबुड्यांची. नाण्याच्या अक्षरांत, दातेरी कडेत हवा अडकते, काटा जास्त दाखवतो आणि घनता खाली येते. वरच्याच रुपयाला ०.०५ घन सेंमीचा बुडबुडा चिकटला की उत्तर ९.८८ येते आणि चांगल्या चांदीला हिणकस ठरवले जाते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा, नाणे बुडवून दोनदा हलवावे, मगच आकडा वाचावा. दुसरी चूक, नाणे पेल्याच्या तळाला टेकते. टेकले की नाण्याचा भार काट्यावर येतो आणि आकडा एकदम उडी मारतो. तिसरी, पाण्याचे तापमान. २५ अंशांना पाण्याची घनता ०.९९७ असते, म्हणून उत्तराला ०.९९७ ने गुणावे. फरक लहान आहे, पण ९२५ आणि ९९९ वेगळे काढायचे असतील तर तो लागतो. चौथी, नाणेच लहान असते. दोन ग्रॅमच्या नाण्याचे आकारमान ०.२ घन सेंमी, तिथे ०.०१ ची चूक म्हणजे पाच टक्क्यांची चूक. अशा वेळी ०.००१ चा काटा वापरावा, किंवा एकाच घाण्यातली पाच-सहा नाणी एकत्र बांधून मोजावीत. तीन वेळा मोजून तिन्ही आकडे जुळले तरच उत्तर धरावे.

ओतीव प्रतिकृतीत आतमध्ये पोकळ्या राहतात, त्यामुळे तिची घनता त्या धातूच्या खऱ्या घनतेपेक्षा कमी येते. ठोकून पाडलेल्या नाण्यात हा प्रश्न येत नाही.

आता घनतेचा सापळा, ज्याकडे जाणकारांचेही दुर्लक्ष होते. शिसे चांदीपेक्षा जड आणि कथील हलके. वजनाने साधारण ८३ भाग शिसे आणि १७ भाग कथील मिसळले की घनता १०.३४ च्या आसपास येते, म्हणजे त्या रुपयाच्या चांदीइतकीच. जुन्या इलेक्ट्रोटाइप प्रतिकृतींचेही तसेच. १९व्या शतकात ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातील नाण्यांच्या अशा प्रतिकृती तयार झाल्या: तांब्याची दोन पातळ कवचे, आत शिशासारखा धातू भरलेला, वरून चांदीचा किंवा सोन्याचा हात. तांबे आणि शिसे यांची सरासरी चांदीच्या घरात सहज पोहोचते. म्हणून घनता चांदीची आली याचा अर्थ ‘चांदी असू शकेल’ एवढाच घ्यावा. ठोकून पाडलेल्या नाण्यात ती चांदीची आली नाही, तर मात्र चांदी नाही हे बुडबुडे काढून केलेल्या मोजणीनंतर खात्रीने म्हणता येते.

शिसे पकडणे अवघड नाही. शिशाचा वाटा मोठा असलेले नाणे कोऱ्या कागदावर कडेने ओढले तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. चांदी अशी रेघ साध्या कागदावर सोडत नाही. शिशाच्या नाण्याची कड नखाने दबते. आणि ते वाजत नाही. अशी नाणी हाताळल्यावर हात धुवावेत, लहान मुलांच्या हाती ती देऊ नयेत. खेळण्यातली म्हणून विकली जाणारी ‘जुनी नाणी’ ओतीव असतील तर ही काळजी आधी घ्यावी, धातूची चौकशी नंतर.

कड हा नाण्याचा सर्वांत प्रामाणिक भाग. दहापट भिंगातून पूर्ण कड फिरवून पाहावी. मधोमध बारीक जोडरेषा दिसली तर नाणे दोन कवचांचे किंवा दोन साच्यांत ओतलेले. रेषा कानशीने घासून काढली असेल तर त्या पट्ट्यात दातेरी रेघा पुसट किंवा तिरक्या होतात. मुलामाही कडेवर आणि उठावाच्या शेंड्यावर आधी झिजतो: खाली पिवळे दिसले तर पितळ, लालसर दिसले तर तांबे. खाली पांढराच धातू असेल तर डोळ्याला काही कळत नाही. जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा त्यासाठीच दिला जातो. पृष्ठभागावर बारीक भोके आणि मऊ, गोलसर अक्षरे दिसली तर ओतकाम. पांढरी भुकटी आणि खालून आलेले फोड दिसले तर जस्ताचा मिश्रधातू.

चुंबकाची चाचणी सगळे करतात, अर्थ मात्र अर्धाच लावतात. लहान निओडिमियम चुंबकाला नाणे चिकटले तर आत लोखंड किंवा शुद्ध निकेल आहे, इथवर ठीक. चिकटले नाही म्हणून चांदी ठरत नाही. तांबे, पितळ, जस्त, शिसे आणि तांबे-निकेल यांपैकी काहीच चिकटत नाही. उलट सोन्याच्या मुलाम्याखाली निकेलचा थर असला की हलकीशी ओढ जाणवते. ती पाहायला चुंबक धाग्याला टांगून नाण्याजवळ न्यावा. चुंबक घसरवण्याची चाचणी त्यापेक्षा जास्त सांगते. नाणे ४५ अंशांच्या उतारावर ठेवून त्यावर चुंबक सोडला तर चांदीवर तो अडखळत, सावकाश उतरतो, कारण चांगल्या विद्युतवाहकात उठणारे भोवरे-प्रवाह त्याला रोखतात. तांबे-निकेल आणि जर्मन सिल्व्हर यांवरून तो सरळ निसटतो. पण तांबे वाहकतेत चांदीच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे चांदीच्या मुलाम्याचे तांबे ही परीक्षा सहज पार करते. बर्फाचा तुकडा नाण्यावर ठेवून तो किती लवकर वितळतो हे पाहण्याच्या युक्तीचेही तेच. घनतेत मात्र तेच तांबे ८.९६ वर उघडे पडते. शिशाला घनता सोडते तर चुंबक पकडतो, तांब्याला चुंबक सोडतो तर घनता पकडते. म्हणून या दोन चाचण्या जोडीनेच कराव्यात.

नाणे खणखणीत वाजते का, हे पाहायचे तर ते बोटाच्या टोकावर तोलून लाकडी पेन्सिलीने कडेवर हलके टिचकावे. दगडावर आपटू नये. चांदीचा नाद लांबतो, शिशाचा लगेच मरतो. पण चिरलेले अस्सल चांदीचे नाणेही बद्द वाजते आणि काही काशाची नाणी सुरेख वाजतात. नादावर निर्णय देऊ नये.

एक्सआरएफ यंत्र, म्हणजे क्ष-किरणांनी धातूची टक्केवारी सांगणारे उपकरण, आता सराफी पेढ्यांवरही असते. ‘मशीनवर तपासले’ या शब्दांवर मात्र आंधळा विश्वास नको. चांदीत हे किरण काही दहा मायक्रॉन खोलीपर्यंतच वाचतात. मुलामा जाड असेल तर यंत्र मुलाम्याचा कस सांगते आणि आतल्या गाभ्याबद्दल गप्प राहते. हीण मिसळलेल्या जुन्या चांदीत वरचे तांबे आम्लाने किंवा काळाने निघून गेलेले असते, तिथेही यंत्र कस चढा दाखवते. म्हणून यंत्र चालवणाऱ्याला तीन गोष्टी सांगाव्यात. सोन्याच्या ‘कॅरेट’ मोडवर न वाचता सर्व मूलद्रव्यांची यादी काढा. एक वाचन सपाट भागावर, एक उठावाच्या झिजलेल्या शेंड्यावर आणि एक कडेवर घ्या. शिसे, जस्त आणि निकेल यांचे आकडे कमी असले तरी कागदावर उतरवून द्या. तीन ठिकाणची टक्केवारी वेगवेगळी आली, किंवा सोन्यासोबत निकेल, तांबे आणि जस्त एकदम दिसले, तर मुलाम्याचा दाट संशय घ्यावा. यंत्र ९५ टक्के चांदी म्हणते आणि घनता ८.९ येते, तेव्हा घनतेचे ऐकावे.

सोन्याच्या जड नाण्यात टंगस्टनचा गाभा असेल तर घनताही फसते, कारण त्याची घनता १९.२५ आहे. तिथे नाण्याच्या आतपर्यंत विद्युतवाहकता मोजणारे उपकरण लागते. २२ कॅरेटच्या नाण्याची घनता १७.६ च्या घरात असते. ती १९ च्या पुढे गेली तर खूश होऊ नये, चौकशी करावी.

आम्लाचे द्रावण शेवटी, आणि ज्या प्रतिकृतीला ओरखडा चालेल तिच्यावरच. थेंब नुसता पृष्ठभागावर टाकला तर तो मुलाम्याची परीक्षा घेतो. कडेवर कानशीने खाच पाडून आतल्या धातूवर टाकावा लागतो. नायट्रिक आम्ल आणि डायक्रोमेट यांच्या द्रावणाने चांदीवर गडद लाल रंग येतो. साध्या नायट्रिक आम्लाने तांबे-पितळेवर हिरवा फेस येतो. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे, आम्लाची वाफ फुप्फुसांना घातक आहे. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा नसेल तर हे काम सराफाच्या कसोटीवर सोपवावे. गंधकाने किंवा ब्लीचने काळे पडते का, हे पाहण्याला अर्थ नाही. तांबेही काळे पडते, आणि नाणे कायमचे खराब होते.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणे आहे. संग्रहाच्या नाण्यांच्या जाहिराती स्वीकारताना ‘सिल्व्हर’ किंवा ‘गोल्ड’ हा शब्द असेल तर मूळ धातू, कस आणि ग्रॅममधले वजन या तीन गोष्टी जाहिरातीतच मागाव्यात. मुलामा असेल तर तो कशावर आहे हेही. जर्मन सिल्व्हर लिहायचे असेल तर शेजारी ‘तांबे-निकेल-जस्त’ असे छापावे. विक्रेत्याने हेच शब्द पावतीवर उतरवावेत, म्हणजे घेणाऱ्याला पाण्याच्या पेल्यातला आकडा आणि पावती शेजारी ठेवून बोलता येईल. पितळेची सुबक प्रतिकृती पितळेची म्हणून विकण्यात काहीच वावगे नाही आणि ती संग्रहात ठेवण्यातही नाही.

ज्यांनी नाणी आधीच घेतली आहेत त्यांनी तपासणीनंतर प्रत्येक पाकिटावर वजन, व्यास, कडेवरची जाडी, घनता आणि मोजताना असलेले पाण्याचे तापमान लिहून ठेवावे, आणि ‘प्रतिकृती’ किंवा ‘काल्पनिक’ हा शब्द त्याच्या वर. संग्रह पुढच्या हातात जातो तेव्हा नाण्यासोबत सांगणारे माणूस जात नाही.

आपले,
नाण्यांच्या धातूची तपासणी करणारे काही संग्राहक